पंच्याऐंशी हजारांत बाथरूम

सकाळी साडेसहा

घरदुरुस्तीच्या धंद्यात ही वेळ सगळ्यांत उपयोगाची. इमारतभर नळ सुरू असतात, बादल्या भरत असतात, वरच्या मजल्यांवर आंघोळी चाललेल्या असतात. कुणाचं छत गळतं ते नेमकं याच वेळी कळतं. म्हणून मी घराबाहेर पडते ती बॅटरी घेऊनच.

आज पहिली फेरी ठाण्यातल्या खारकर आळीत. तिथल्या एका मोरीत वॉटरप्रूफिंगच्या कोटिंगचे दोन हात देऊन झाले होते, पहिला आडवा आणि दुसरा उभा. ते सुकल्यावर परवा सकाळी नहाणी ट्रॅपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबला, वरून सिमेंट लावलं आणि दोन इंच पाणी कोंडून ठेवलं. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. आज पाणी रेघेखाली जेमतेम सूतभर गेलंय. तेवढं हवेतच उडतं. खालच्या घरी जाऊन छताला हाताची मागची बाजू लावून पाहिली. कोरडं. पाइप भिंतीतून बाहेर पडतो तो कोपरा बॅटरीने पाहिला, तोही कोरडा. मिस्त्रीला फोन करून टाइल लावायला घे म्हणून सांगितलं.

हे दोन दिवस कुणालाच नको असतात. घरच्यांना आंघोळीला शेजारी जावं लागतं, मिस्त्रीची मजुरी बुडते. तरी मी ते सोडत नाही. टाइल लागल्यावर गळती निघाली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं, आणि ज्या घरात पैसे मोजके त्या घराला ते दुसऱ्यांदा झेपत नाही.

सकाळी आठ

टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतली चार मजली इमारत, बांधकाम सत्तरच्या दशकातलं. दुसऱ्या मजल्यावरचं घर. आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. पावसाळ्यात आजी मोरीत घसरल्या, हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून आंघोळीला जाताना सुनेचा हात धरून जातात. मुलाने पतपेढीतून थोडं कर्ज काढलंय, थोडे पैसे बाजूला टाकलेत. सगळे मिळून पंच्याऐंशी हजार. याच्या वर एक रुपया नाही, असं त्याने पहिल्या फोनमध्येच सांगितलं. मला असं सांगणारी माणसं आवडतात. आकडा माहीत असला की काय करायचं नाही ते आधी ठरवता येतं.

सध्या पितृपक्ष चालू आहे, त्यामुळे काम काढायचं नाही यावर आजी ठाम आहेत. त्यानंतर लगेच नवरात्र. शिवसेना नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेला टेंभी नाक्याचा देवीचा उत्सव लागला की इथल्या वाहतुकीचे मार्ग बदलतात, संध्याकाळी माणसाला चालायला जागा मिळत नाही. सिमेंटचा टेम्पो तर दूरच. तेव्हा काम दसऱ्यानंतर सुरू आणि दिवाळीआधी पूर्ण. मधे वीसेक दिवस मिळतात आणि ते पुरतात, पण आज सगळं कागदावर आलं तरच.

मोरी चार बाय सहा फूट, त्यातच कमोड. भिंतीवर सहा इंची पांढऱ्या टाइल, सांधे काळे पडलेले. मी आधी दारात खाली बसून उंबरा बघितला. मोरीची जमीन घराच्या जमिनीपेक्षा दीड इंच वर आहे. मोरी नेहमी खाली असते, पाणी घरात येऊ नये म्हणून. ती वर आली याचा अर्थ जुनी फरशी न काढता कुणीतरी तिच्यावरच नवी बसवली. मुलाला आठवलं, बाबा असताना एकदा काम झालं होतं.

बरोबर आलेला मिस्त्री म्हणाला, "मॅडम, अब भी ऊपर ही मार देते हैं. तीन दिन में काम खलास." पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात हे खरं आहे. बहुतेक घरांत हेच होतं. फोडायचं नाही, डेब्रिज उतरवायचं नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही.

पण हिशेब करून बघा. चार बाय सहा म्हणजे चोवीस चौरस फूट. त्यावर दोन इंचांचा माल म्हणजे चार घनफूट. सिमेंट-रेतीच्या एवढ्या थराचं वजन सव्वादोनशे किलोच्या वर जातं, टाइल वेगळ्या. म्हणजे पन्नास वर्षांच्या त्या स्लॅबवर चार धडधाकट माणसं रात्रंदिवस, कायमची उभी. आधीच्या कामात एकदा ती उभी राहिलीच आहेत. आता आणखी चार?

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला मंगलराघोनगरमधल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांमधून थेट तळाशी आला. सहा जणांचा जीव गेला, त्यात एक लहान मूल होतं. त्याआधी २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला दामोदर पार्कमधली इमारत पडून सतरा माणसं गेली, तिथे तळमजल्यावर अंतर्गत बदलांचं काम चालू होतं. या दोन तारखा मी प्रत्येक नव्या घरी सांगते. घाबरवायला नाही. जुन्या इमारतीत फरशी बदलणं हे एका घराचं काम कधीच नसतं, हे कळावं म्हणून.

इथे दोन्ही थर निघणार. मिस्त्रीला सांगितलं, ब्रेकर मशीन आणायचं नाही, छिन्नी-हातोड्यानेच फोडायचं. डेब्रिज एका कोपऱ्यात रचायचं नाही, जिन्यात ठेवायचं नाही. त्याच दिवशी गोण्या भरून खाली उतरवायच्या. याला जास्त दिवस आणि जास्त मजुरी लागते. ती मी धरली.

सकाळी साडेनऊ

खालचं घर. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, काकूंनी दार उघडलं. त्यांच्या मोरीच्या छताकडे पाहिलं आणि मला मनातून वाईट वाटलं. रंगाचे पोपडे, पिवळे डाग, आणि कोपऱ्यात हातभर जागेत प्लॅस्टर पडून गंजलेले गज दिसताहेत. "चार वर्षं सांगतोय त्यांना," काका म्हणाले. आवाजात राग कमी होता, थकवा जास्त.

गज गंजला की फुगतो आणि भोवतीचं काँक्रीट ढकलून पाडतो. वरची गळती थांबली तरी आत शिरलेला गंज आपोआप थांबत नाही. मी स्टुलावर चढून छोट्या हातोडीने छत वाजवून पाहिलं. चांगल्या काँक्रीटचा आवाज टणक येतो, सुटलेल्याचा पोकळ. गज दिसत होते तिथून आणखी बरंच अंतर आवाज पोकळ होता.

मी सुपरवायझर आहे, डिप्लोमा केलाय. हा स्लॅब वरून फोडायला सोसेल की नाही हे सांगायचा अधिकार माझा नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनीअरने बघून, लिहून द्यायचं. काकूंना म्हटलं, अभियंता येऊन बघेपर्यंत वर एकही घाव पडणार नाही. काकूंनी चहा टाकला. नको म्हणवलं नाही.

सकाळी साडेदहा

सोसायटीचे सेक्रेटरी दुकानात निघाले होते, जिन्यातच गाठलं. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे आणि या इमारतीचं झालंय. अहवालात वर्ग आहे सी-२ ब. ठाण्यात पावसाळ्याआधी पालिका याद्या काढते तेव्हा ही अक्षरं पेपरात येतात, पण घरोघरी त्यांचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२ ब म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती करता येते, पण ती करायलाच हवी. सी-३ ला किरकोळ डागडुजी पुरते.

इमारत सी-१ निघाली असती तर मी हे काम घेतलं नसतं आणि वरच्या घरच्यांना काढूही दिलं नसतं. पाडायच्या इमारतीत कर्जाच्या पैशांची टाइल लावणं हा त्या कुटुंबावर अन्याय आहे.

सेक्रेटरींशी तीन गोष्टी बोलले. ज्या अभियंत्याने ऑडिट केलं त्यालाच याच आठवड्यात स्लॅब दाखवायचा. घरातून सोसायटीला लेखी अर्ज आणि सोसायटीचं लेखी ना हरकत पत्र. आणि खालच्या छताच्या गजांची दुरुस्ती. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-मोरीच्या आतल्या गळतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो, त्यात वाद नाही. पण इमारत सी-२ ब मध्ये असल्याने स्लॅबची दुरुस्ती सोसायटीच्या ठरलेल्या कामात घ्या, असं मी सुचवलं. ते समितीपुढे ठेवतो म्हणाले. बाहेरचा मुख्य ड्रेनेज पाइप सोसायटीचाच, त्याला एक सांधा गळतोय तोही दाखवला.

दुपारी बारा

जांभळी नाक्याच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानात आजींच्या सुनेला, म्हणजे वहिनींना, घेऊन गेले. रस्त्यावर पितृपक्षातल्या भाज्यांची गर्दी, अळू, भेंडी, गवार. वहिनींनी मोबाइलवर एक चित्र जपून ठेवलं होतं: काचेचं पार्टिशन, छतातून पडणारा शॉवर, काळ्या रंगाचे नळ. "हे आपल्याला जमणार नाही ना?" त्यांनीच विचारलं.

मला अशा वेळी पटकन नाही म्हणवत नाही. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत घरासाठी राबणाऱ्या बाईला दिवसातली दहा मिनिटं जिथे स्वतःची मिळतात ती ही खोली. ती चांगली दिसावी असं वाटणं ही चैन नव्हे. म्हणून आम्ही एकेक गोष्ट हातात घेऊन बघितली. काचेचं पार्टिशन आजींसाठी धोक्याचं आणि चार फुटांत अडचणीचं, ते गेलं. छतातला शॉवर चांगला दिसतो, पण या इमारतीत टाकीचं पाणी दुसऱ्या मजल्यावर हळू येतं, त्याची धार पडणार नाही. तो गेला. टाइलचा रंग मात्र त्यांच्या मनाचा. फिकट पाचूचा, मोरबीचा माल, बारा बाय अठरा इंची, ४२ रुपये चौरस फूट.

इथे पैसे वाचवायची जागा आहे. आजकाल सगळे छतापर्यंत टाइल लावतात. आम्ही ठरवलं, पाणी जिथे उडतं त्या कोपऱ्याच्या दोन भिंतींना सात फूट, बाकी ठिकाणी चार फूट, वर ओल सोसणारा रंग. भिंतीचं क्षेत्र साधारण नव्वद-पंच्याण्णव चौरस फुटांवर आलं. माल आणि मजुरी धरून तीन हजार सुटले आणि वजनही कमी झालं. जमिनीला खरखरीत मॅट टाइल, फूटभर चौरसाची. ओली करून तिच्यावर चप्पल घासून पाहिली. गुळगुळीत चमकणारी टाइल दुकानदाराने सवलतीत देऊ केली होती, नको म्हटलं.

कमोड घेताना एक चूक सर्रास होते. जुन्या इमारतीत मैला जायचं तोंड बहुधा जमिनीत असतं, नव्या कमोडांत पुष्कळदा भिंतीत जाणारं येतं. या घरी जमिनीत, भिंतीपासून नऊ इंचांवर. मी ते सकाळीच मोजलं होतं. तसाच घेतला, तीन आणि सहा लिटरचं दुहेरी फ्लश असलेला. जुनी टाकी एका वेळी दहा लिटर ओतते. ठाण्याला पाणी पालिकेची स्वतःची योजना, स्टेम कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून येतं, आणि कुठे ना कुठे दुरुस्ती निघून चोवीस तासांचं शटडाऊन लागतं. त्या दिवशी चार माणसांच्या घरात दहा आणि तीन लिटरमधला फरक कळतो.

दुपारी दोन

नाक्यावर झुणका-भाकर खाल्ली आणि तिथेच कागद काढला.

फोडकाम, गोण्या उतरवणं आणि डेब्रिजची रीतसर वाहतूक: अकरा हजार. खाडीकाठी रात्री टेम्पो रिकामा करणारे निम्म्यात नेतात, त्यांना मी काम देत नाही. प्लंबिंग, माल-मजुरीसह सतरा हजार. वॉटरप्रूफिंग बारा हजार. टाइलचा माल तूटफूट धरून साडेपाच हजार, त्या लावायची मजुरी, सिमेंट, रेती, ग्राउट अकरा हजार. कमोड, नळ, हँडल, जाळ्या तेरा हजार. वीज साडेतीन हजार. दार प्लॅस्टिकचं, बाहेर उघडणारं, साडेचार हजार. बेरीज साडेसत्त्याहत्तर. साडेसात हजार हाताशी राहतात आणि ते राहिलेच पाहिजेत, कारण जमिनीखाली काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही.

या कागदात निम्म्याच्या जवळपास रक्कम अशा कामांवर आहे जी काम संपल्यावर कुणाला दिसणार नाहीत. पाहुणे आले तर टाइल बघतील. त्यांच्यावर साडेपाच हजार.

दुपारी चार

प्लंबर घरी आला. जुन्या लोखंडी पाइपची एक तोटी काढून आत बोट घातलं, अर्धा पाइप गंजाने भरलाय. सगळी लाइन बदलायची, गरम आणि थंड दोन्हीला सीपीव्हीसी. पाइपवर आयएस १५७७८ छापलेलं बघून घ्यायचं. जमिनीखालच्या ड्रेनेजला जाड एसडब्ल्यूआर पाइप.

कमोड हलवायचा नाही हे ठरलेलंच होतं. प्लंबरला तो समोरच्या भिंतीला हवा होता, जागा मोकळी होईल म्हणून. पण त्यासाठी स्लॅबला नवं भोक पाडावं लागेल आणि त्यात गज कापले जातील. कमी पैशांत मोरी करायची तर कमोड आणि नहाणी ट्रॅप आहेत तिथेच ठेवायचे. जुन्या इमारतीत पैसे असले तरी तिथेच ठेवायचे. भिंतीत आडव्या लांब खाचाही मारायच्या नाहीत, चार इंची भिंत त्याने अर्धी होते. पाइप उभे उतरवायचे, जिथे आडवा न्यावाच लागेल तिथे तो भिंतीवरूनच दिसता ठेवायचा.

मग ढाळ. दारापासून जाळीकडे फुटाला दोन सूत. मिस्त्री नजरेने ढाळ काढतात आणि दर तिसऱ्या मोरीत कोपऱ्यात पाणी साचतं. आमच्याकडे पाण्याची नळी लावून, भिंतीवर खुणा करून ढाळ निघतो आणि टाइल लावण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघतो. जमीन आणि भिंत मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा, त्यावरून कोटिंग भिंतीवर फूटभर चढवायचं, आंघोळीच्या कोपऱ्यात पुरुषभर उंच. खाली जुना वीट-तुकड्यांचा भराव ओला निघाला तर तो सगळा काढून टाकायचा, परत तोच टाकायचा नाही.

पाण्याचं पिंप राहणार, ठाण्यात त्याला पर्याय नाही. दोनशे लिटरच्या ऐवजी शंभरचं, आणि ते मधे न ठेवता तुळईला लागून भिंतीकडे.

संध्याकाळी सहा

मुलगा कामावरून आला, आजी देवाजवळ दिवा लावून आल्या, सगळे स्वयंपाकघरात बसलो. मी कागद वाचून दाखवला. मुलाने विचारलं, दुसऱ्या एकाने साठ हजारांत सांगितलंय, वरून टाइल, चार दिवसांत. मग मी कुठे महाग पडते? मी त्याला खालच्या छताचे फोटो दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. चार वर्षं त्या घरात तो गेलाच नव्हता.

मग आजींना कमोडजवळ खुर्चीवर बसवून हँडलची उंची ठरवली. पुस्तकात तीन फुटांच्या आसपास असते. आजींचा हात जिथे आपणहून गेला तिथे खूण केली, दोन फूट दहा इंच. त्यांच्यासाठी कमोडही थोडा उंच, अठरा इंचांचा घेतलाय. गुडघे दुखणाऱ्याला दोन इंच फार असतात. हँडल साध्या स्क्रूवर लावायचं नाही, भिंतीत अँकर बोल्ट. माणूस घसरताना त्याला धरतो तेव्हा सगळा भार त्यावर येतो.

गिझर जुनाच, अजून चांगला आहे. पण त्याच्या लाइनवर तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं बटण, बसणार. गॅसचा गिझर स्वस्त पडेल का, असं वहिनींनी विचारलं. बंद मोरीत गॅस गिझर कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आंघोळ करतानाच बेशुद्ध पडतो. खिडकीत सहा इंची एक्झॉस्ट पंखा मात्र बसवतोय.

काम चालू असताना आजी आणि नात डोंबिवलीला लेकीकडे राहतील. मुलगा आणि वहिनी समोरच्या घरी आंघोळीला जातील. समोरच्यांनी न विचारता किल्ली देऊ केली.

संध्याकाळी साडेसात

निघताना मुलगा म्हणाला, "चला, मी खाली काकांशी बोलून येतो." मी जिना उतरेपर्यंत तो त्यांच्या दारात उभा होता. मी थांबले नाही, ते बोलणं त्यांचं त्यांचं होतं.

रात्री नऊ

अभियंत्याचा निरोप आला, गुरुवारी सकाळी येतो. तो लेखी होकार देईल तेव्हाच दसऱ्यानंतरचा दिवस पक्का. खालून आधार लावून काम करा म्हणाला तर लोखंडी टेकू भाड्याने आणायचे, त्यासाठीही ते साडेसात हजार आहेत. आणि नको म्हणाला तर आधी सोसायटीने स्लॅब दुरुस्त करायचा, मोरी दिवाळीनंतर. आजींना हे सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, होऊ दे उशीर, हात धरायला सून आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत राहणाऱ्यांना एक विनंती आहे. दिवाळीआधी मोरीचं काम काढायचं मनात असेल तर टाइलच्या दुकानात जाण्याआधी एकदा खालच्या घराची बेल वाजवा आणि आपल्या मोरीखालचं छत डोळ्यांनी बघून या. तिथे गज दिसत असतील तर मिस्त्रीच्या आधी अभियंत्याला बोलवा, आणि जुन्या फरशीवर नवी फरशी कुणी कितीही स्वस्तात लावून देत असला तरी लावून घेऊ नका.